दूरध्वनी केंद्रे एकमेकांशी बोलू लागली तेव्हा

समोरचा माणूस दुसऱ्या कोणाशी बोलत असेल, तर एक कळ दाबून रिसीव्हर ठेवून द्यावा आणि तो मोकळा होताच यंत्राने आपणहून दोघांना जोडून द्यावे, ही सोय कार्यालयीन दूरध्वनींत बरीच जुनी आहे. दोघे एकाच इमारतीत असतील तर तिचे फारसे कौतुक वाटू नये. दोन्ही एक्स्टेन्शन एकाच ईपीएबीएक्सच्या स्मृतीत नोंदलेली असतात; कोण व्यग्र आणि कोण मोकळे हे त्या यंत्राला ठाऊकच असते. प्रश्न उभा राहतो तो एक कार्यालय पुण्यात आणि दुसरे दिल्लीत असते तेव्हा. पुण्याच्या यंत्राला दिल्लीतील रिसीव्हर खाली ठेवला गेल्याचे कळावे कसे?

अशा सोयी मुळात शक्य झाल्या त्या प्रोग्रॅममुळे. १९६३ मध्ये बेल कंपनीने फ्लोरिडातील कोको बीच येथे कार्यालयांसाठी प्रोग्रॅमवर चालणारे दूरध्वनी केंद्र बसवले आणि नवी सोय देण्यासाठी रिले व तारा बदलण्याऐवजी सूचना बदलणे पुरेसे ठरू लागले. भारतात हे तंत्र स्वतःच्या बळावर आणले सी-डॉटने. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या १२८ पोर्टच्या रचनेतून कार्यालयांसाठी ईपीएबीएक्स आणि खेड्यांसाठी वातानुकूलनाविना चालणारे केंद्र अशी दोन भावंडे जन्मली. दुसऱ्याचा गौरव पुष्कळ झाला. पहिले कार्यालयांच्या कोपऱ्यात निमूटपणे काम करत राहिले.

दोन शहरांतील अशी यंत्रे जोडण्याचा जुना मार्ग म्हणजे भाड्याने घेतलेली टाय लाइन. तिच्यावर एका यंत्राला दुसऱ्याला फार थोडे सांगता येई: वाहिनी उचलली, हे आकडे घ्या, उत्तर मिळाले, वाहिनी सोडली. पलीकडचे एक्स्टेन्शन व्यग्र असल्यास ‘टूं-टूं’ असा ध्वनी येई. पण तो माणसाच्या कानासाठी होता. यंत्राच्या लेखी तो संभाषणासारखाच एक आवाज. माहिती तारेवरून येत होती, परंतु ज्याला तिची गरज होती त्याला ती वाचता येत नव्हती. अंतरापेक्षा ही अडचण अधिक मूलभूत होती.

उपाय निघाला तो बोलणे आणि बोलण्याविषयीचे संदेश वेगळे करण्यातून. सेकंदाला २०.४८ लाख बिट वाहणाऱ्या अंकीय वाहिनीचे प्रत्येकी ६४ हजार बिटांचे ३२ कप्पे पडतात. त्यांतील ३० आवाजासाठी, एक ताळमेळासाठी आणि उरलेला एक यंत्रांच्या आपसांतील संदेशांसाठी. या एका कप्प्याच्या आधारावर १९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉम आणि तेथील उत्पादकांनी डीपीएनएसएस ही संकेतभाषा घडवली. इतर उत्पादकांच्या आपापल्या बोली होत्याच, त्यामुळे एकाचे यंत्र घेतले की दुसरेही त्याचेच घ्यावे लागे. पुढे युरोपातील एक्मा या मानक संस्थेने आयएसडीएनच्या संकेतपद्धतीवर बेतलेली क्यूसिग ही सामायिक भाषा तयार केली.

आता पुण्यातील कळ दाबल्यावर काय होते ते पाहावे. पुण्याचे यंत्र संदेशांच्या कप्प्यातून दिल्लीला विनंती पाठवते; आवाजाचा एकही कप्पा अडत नाही. दिल्लीचे यंत्र ती नोंदवून त्या एक्स्टेन्शनवर लक्ष ठेवते आणि ते मोकळे होताच उलट निरोप धाडते. पण तेवढ्यात पुण्याचाच माणूस फोनवर असेल तर? मग विनंती स्थगित होते, रद्द होत नाही. तो मोकळा असेल तर आधी त्याची घंटा वाजते आणि त्याने रिसीव्हर उचलल्यावर नवा कॉल दिल्लीकडे निघतो. या काही क्षणांत तिसऱ्याच कोणी दिल्लीचे एक्स्टेन्शन गाठले तर सारी मेहनत वाया. म्हणून घंटा वाजवण्यापूर्वीच मार्ग राखून ठेवण्याचा पर्याय क्यूसिगमध्ये आहे; मात्र त्यासाठी कोणी बोलत नसतानाही आवाजाचा कप्पा अडवून ठेवावा लागतो. खात्री हवी की काटकसर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मार्ग बदलण्याची सोय याहून देखणी म्हणावी लागेल. पुण्याचा कॉल दिल्लीने चेन्नईकडे वळवला, तर आवाज पुणे–दिल्ली–चेन्नई असा हेलपाटा घालत राहतो. पुणे आणि चेन्नईची यंत्रे हे ओळखून आपसांत थेट मार्ग उभारतात, संभाषण चालू असतानाच त्यावर सरकतात आणि जुना मार्ग सोडून देतात. बोलणाऱ्यांना याचा पत्ताही लागू नये अशी अपेक्षा असते.

भारतात मात्र या चातुर्याच्या आड एक भिंत आली आणि ती कायद्याची होती. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्र चालवण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला होता आणि दूरध्वनी हाही त्या कायद्याच्या लेखी तारच. कंपनीला खासगी वाहिनी मिळे ती तिच्या अंतर्गत वापरासाठी. पुण्याचा कॉल खासगी वाहिनीने दिल्लीत नेऊन तेथे सार्वजनिक जाळ्यात स्थानिक दराने सोडला, तर एसटीडीचे उत्पन्न बुडे. म्हणून त्याला मनाई होती. एसटीडी महाग असताना हा हिशेब किरकोळ नव्हता. परिणामी जी यंत्रे जोडण्यासाठी बनवली होती, त्यांना न जोडण्याचे नियम शिकवावे लागले. त्याला लॉजिकल पार्टिशन म्हणत. कॉल वळवताना किंवा तिसऱ्याला संभाषणात घेताना प्रत्येक टोक सार्वजनिक जाळ्यातले की खासगी, आणि कोणत्या ठिकाणचे, हे तपासायचे; नियम मोडत असेल तर सोय नाकारायची. आयपी फोन आल्यावर ‘ठिकाण’ हीच गोष्ट निसटती झाली. सिस्कोला आपल्या प्रणालीत प्रत्येक उपकरणाचे भौगोलिक स्थान नोंदवण्याची तरतूद करावी लागली, आणि त्यामागे भारतातील हेच नियम होते.

ही भिंत सावकाश खचली. जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरांसारख्या सेवादात्यांना आपला ईपीएबीएक्स जगात कोठेही ठेवण्याची मुभा दिली. दरम्यान तंत्रही पालटले होते. बहुतेक जाळी इंटरनेटच्या सिप या संकेतभाषेकडे वळली होती. तिचे पहिले मानक १९९९ चे. मात्र व्यग्र माणूस मोकळा होताच जोडून देण्याच्या जुन्या सोयीचे मानक तिच्यात यायला २०१३ उजाडले.