ज्यूरिन यांची साक्ष

इटलीतील पाव्हियाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे अध्यापन करणारे धर्मोपदेशक लाझारो स्पालान्झानी यांना १७९३ साली, मेणबत्ती विझताच घुबड भिंतींवर आपटू लागते, पण वटवाघूळ मात्र त्याच काळोखात निर्वेध संचार करते, असे आढळले, तेव्हा वयाची साठी उलटलेली असूनही या विलक्षण भेदाचा छडा लावल्याखेरीज त्यांना चैन पडेना. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले. हे क्रौर्य आज वाचवत नाही. परंतु ती अंध वटवाघळे खोलीत आडव्यातिडव्या बांधलेल्या दोऱ्या पूर्वीइतक्याच सफाईने चुकवीत राहिली, आणि बाहेर सोडून दिलेली काही पुढे घंटाघरात पुन्हा हाती लागली, तेव्हा त्यांची पोटे डोळस सोबत्यांइतकीच कीटकांनी भरलेली निघाली. म्हणजे केवळ वाट काढणेच नव्हे, तर शिकारदेखील डोळ्यांवाचून चालत होती.

जिनीव्हाचे शल्यवैद्य लुई ज्यूरिन यांनी १७९४ साली वटवाघळांचे कान बंद केले, आणि ती तत्काळ असहाय होऊन वाटेत येईल त्यावर धडकू लागली. स्पालान्झानींनी हा प्रयोग स्वतः पडताळून पाहून मान्य केला. तथापि निःशब्द उडणाऱ्या प्राण्याच्या कानांनी ऐकावे तरी काय, याचे उत्तर उभयतांपाशी नव्हते, आणि पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी १७९५ साली, स्वतः एकही प्रयोग न करता, पंखांच्या त्वचेतील स्पर्शज्ञान हेच याचे कारण असा निकाल देऊन टाकला. कुव्हिए यांचा अधिकार एवढा मोठा की ज्यूरिन यांची साक्ष शतकाहून अधिक काळ दप्तरदाखल होऊन पडली.

केंब्रिजचे हार्ट्रिज यांनी १९२० साली, वटवाघळे मानवी कानाच्या आवाक्यापलीकडील ध्वनी वापरीत असावीत, अशी कल्पना मांडली. परंतु खरी फेरतपासणी झाली ती १९३८ साली, जेव्हा हार्वर्डमधील विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन यांनी आपली वटवाघळे भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स यांच्या ध्वनिग्राहक यंत्रासमोर नेली आणि निःशब्द मानलेला तो प्राणी अखंड ओरडत असल्याचे यंत्राने दाखविले. एवढ्या उच्च ध्वनीचे प्रयोजनही स्पष्ट आहे: सेकंदाला ५०,००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर असते, आणि एवढ्या आखूड लहरीच पतंगासारख्या चिमुकल्या देहावरून नीट परावर्तित होऊन प्रतिध्वनीच्या रूपाने वटवाघळाच्या कानी परततात. सहज फिरताना सेकंदाला दहाएक हाका देणारे वटवाघूळ भक्ष्यावर झेपावताना त्या दोनशेच्या घरात नेते, कारण अंतर घटते तशी त्याला क्षणाक्षणाची खबर लागते.

भक्ष्याची बाजू मांडली ती १९५०च्या दशकापासून केनेथ रोडर आणि ॲशर ट्रीट यांनी. पतंगाच्या कानातून निघणाऱ्या मज्जातंतूला सूक्ष्म तार भिडवून त्यांनी दाखविले की निशाचर पतंगांच्या एका मोठ्या कुळात प्रत्येक कानात श्रवणाच्या अवघ्या दोन पेशी असतात: एक क्षीण ध्वनीनेही जागी होणारी, दुसरी केवळ तीव्र ध्वनीला दाद देणारी. शत्रू दूर असला तर पतंग दिशा पालटून निघून जातो. तो अंगावर आला की गिरक्या घेत अथवा पंख मिटून थेट जमिनीकडे कोसळतो. दोन पेशींच्या बळावर एवढा विवेक साधणारे हे इंद्रिय मला वटवाघळाच्या कौशल्याहूनही अधिक नवलाचे वाटते.

ग्रिफिन यांनी लावलेल्या शोधाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु वटवाघळाचा कान प्रथम ओळखला तो ज्यूरिन यांनी, आणि १८१९ साली ते निवर्तले तेव्हाही विद्वज्जनांच्या दरबारी कुव्हिए यांचाच निकाल कायम होता.