घोष, अरुंधती

घोष, अरुंधती : (२५ नोव्हेंबर १९३९–२५ जुलै २०१६). भारतीय परराष्ट्र सेवेतील ज्येष्ठ मुत्सद्दी व निःशस्त्रीकरणतज्ञ. त्यांचे कुटुंब बंगाली. बालपण मुंबईत गेले. शालेय शिक्षण तेथील कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत व पुढील शिक्षण कलकत्त्याचे लेडी ब्रेबॉर्न महाविद्यालय आणि शांतिनिकेतनची विश्वभारती येथे झाले. १९६३ मध्ये त्या परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. १९७१ च्या बांगला देश मुक्तिसंग्रामात कलकत्त्यातील हंगामी बांगला देश सरकारशी संपर्क ठेवण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. पुढे दक्षिण कोरिया व ईजिप्त येथे राजदूत आणि यूनेस्कोमध्ये भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम केले.

जिनीव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयातील भारताच्या स्थायी प्रतिनिधी या नात्याने निःशस्त्रीकरण परिषदेतील भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर तेथे १९९४ पासून वाटाघाटी चालू होत्या. अणुचाचण्या थांबविण्याचे आवाहन जवाहरलाल नेहरूंनी १९५४ मध्येच केले होते व १९९३ मधील यासंबंधीच्या ठरावाचा भारत सहपुरस्कर्ता होता. त्यामुळे ज्या कल्पनेचा आपल्या देशाने पुरस्कार केला, तिच्यातून निघालेल्या मसुद्यास नकार देण्याचे अवघड काम घोष यांच्या वाट्यास आले. अण्वस्त्रे कालबद्ध रीतीने नष्ट करण्याचे बंधन मसुद्यात नाही. स्फोटाविना केलेल्या प्रयोगांनी अण्वस्त्रे सुधारण्याची वाट प्रगत राष्ट्रांना मोकळी राहते, हे भारताचे मुख्य आक्षेप होते. शिवाय करार अंमलात येण्यासाठी ज्या ४४ राष्ट्रांची मान्यता आवश्यक ठरविण्यात आली, त्यांत भारताची इच्छा नसताही त्याचा समावेश झाला. ही अट सार्वभौमत्वास बाधक असल्याचे त्यांनी ठामपणे प्रतिपादन केले.

परिषदेचे निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने भारताच्या नकारामुळे मसुदा ऑगस्ट १९९६ मध्ये अडला. तेव्हा ऑस्ट्रेलियाने तो आमसभेपुढे नेला व १० सप्टेंबर १९९६ रोजी तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. भूतान व लिबिया एवढीच राष्ट्रे भारताबरोबर होती. हे एकाकीपण पतकरूनही आपली भूमिका सुसंगत युक्तिवादाने मांडता येते, हे घोष यांनी दाखवून दिले. मात्र या नकारामुळे चाचण्यांचा पर्याय खुला राहिला आणि मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. करारही पुढे अंमलात येऊ शकला नाही.

१९९७ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. त्यानंतर त्या संघ लोकसेवा आयोगाच्या सदस्य होत्या (१९९८–२००४).