ओल्या कागदाची कुळकथा

प्लॅस्टिकची मॉडेल गाडी नीट रंगवायची असेल तर रंगाची पाळी फार उशिरा येते. १:२५ प्रमाणातली वीतभर बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुतात, म्हणजे साच्यातून सुटावी म्हणून वापरलेल्या तेलकट लेपाचा अंश निघून जातो. साच्याचे तुकडे जिथे एकमेकांना भिडले तिथे एक बारीक रेघ उठलेली असते, बहुधा मडगार्डच्या कोपऱ्यावरून आणि छताच्या खांबांवरून जाणारी. ती पात्याने खरवडतात. प्लॅस्टिक थंड होताना आकसून खळगी पडली असेल तर तिथे पुट्टी भरतात. मग ४०० किंवा ६०० नंबरचा काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून सगळी बॉडी घासायची, प्रायमर मारायचा, तोही घासायचा, रंगाचे दोन-तीन हात द्यायचे, वर पारदर्शक क्लिअर, आणि तो पक्का वाळला की १५००, २००० आणि त्याहून बारीक कागदांनी घासून पॉलिश करायचं. हा सगळा खटाटोप प्लॅस्टिकच मागतं, अशी एक सोयीची समजूत आहे. पुरावा पाहिला तर ती टिकत नाही. या क्रमातली जवळजवळ प्रत्येक पायरी खऱ्या मोटारीच्या, आणि त्याही आधी घोडागाडीच्या, रंगशाळेतून आलेली आहे. प्लॅस्टिक या कुळात सर्वांत शेवटी जन्मलं.

पहिला पुरावा प्लॅस्टिकच्याच घरातला. विमानांची मॉडेलं त्याच पॉलिस्टायरीनची असतात, पुष्कळदा त्याच कंपन्यांची. विमानवाला दोन अर्ध्यांमधला सांधा घासून नाहीसा करतो, पण सबंध पंख, मग प्रायमर, मग रंग घासून त्याचा आरसा करायच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. लढाऊ विमान मुळातच निस्तेज रंगाचं असतं. म्हणजे घासाई किती करायची हे माल ठरवत नाही, खऱ्या वस्तूची चकाकी ठरवते. दुसरा पुरावा याहून बळकट आहे. डेट्रॉइटच्या एएमटी कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोटारविक्रेत्यांसाठी छोट्या नमुना-गाड्या काढायला सुरुवात केली. पहिल्या ॲल्युमिनियमच्या होत्या, खऱ्या फोर्डचा रंग मारलेल्या. लवकरच त्या प्लॅस्टिकच्या झाल्या आणि त्या वर्षीच्या मोटारींच्या रंगांतच ओतल्या जाऊ लागल्या. साच्याची रेघ तिथेही होती, पण ती घासायला कोणी बसत नव्हतं. शोरूममध्ये आलेल्या गिऱ्हाइकाच्या मुलाला ती गाडी जशी मिळे तशी पुरे असे. १९५८ मध्ये याच कंपनीने 'थ्री-इन-वन' किट बाजारात आणली. एकाच डब्यातल्या भागांतून कारखान्यातून निघाल्यासारखी गाडी करा, फेरफार केलेली कस्टम करा नाहीतर शर्यतीची करा. बॉड्या बव्हंशी त्याच नमुना-गाड्यांच्या. पॉलिश पेपर त्यांच्यावर फिरू लागला तो इथून पुढे. गाडी आधीसारखीच प्लॅस्टिकची राहिली, बदललं ते मुलाच्या डोक्यातलं काम. त्याला आता गाडी नुसती खेळवायची नव्हती, रंगवायची होती, आणि गाडी कशी रंगवतात याचा एक तयार नमुना त्याच्या समोर होता.

तो नमुना बघायला घोडागाडीपर्यंत मागे जावं लागतं. युरोप-अमेरिकेत चांगल्या बग्गीचं रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले. लाकडावर आधी शिशाच्या सफेद्याचं अस्तर, त्यावर जाड भरणीचे अनेक हात. ती भरणी प्यूमिसच्या सच्छिद्र दगडाने, वर पाणी सोडत, सपाट होईपर्यंत घासायची. मग रंग, मग वार्निश, आणि वार्निशचे मधले हात प्यूमिसच्या पुडीने व ओल्या नमद्याने चोळायचे. अस्तर, भरणी, घासाई, रंग, पारदर्शक लेप, पुन्हा घासाई. मॉडेलवाल्याचा क्रम इथे अख्खा सापडतो. सापडत नाही तो फक्त ओला कागद. कागद तेव्हाही होता. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ च्या सुमारास काचेची पूड चिकटवलेला कागद मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि १८३४ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या आयझॅक फिशर यांनी अशा कागदाच्या कृतीचं पेटंट मिळवलं. पण त्यावरचे कण सरसाने चिकटवलेले असत, आणि कातडी-हाडं उकळून काढलेला सरस पाणी लागलं की सुटतो. म्हणून सपाट भाग दगड-पाण्याने घासले जात, पण जिथे दगड वळत नाही तिथे, गोलाईवर आणि कोपऱ्यांत, कोरडा कागदच चाले. त्या कोरड्या कागदाची धूळ रंगाऱ्याच्या नाकातोंडात जाई, आणि त्या धुळीत शिसं असे.

हे शिसं कुळकथेत मधेच आलेलं वाटेल, पण ओल्या घासाईचा सगळा जोर त्याच्यामुळे कळतो. अमेरिकेच्या कामगार खात्यासाठी डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी रंगाऱ्यांच्या आरोग्याची पाहणी केली, ती १९१३ मध्ये छापली गेली. रंगाऱ्याला बाधा होते ती मुख्यतः कोरड्या घासाईच्या धुळीमुळे, यावर त्यांचा भर होता. १९२१ मध्ये जिनिव्हात सफेद्यासंबंधी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही कोरडी घासाई आणि खरवडणं यांतून उडणाऱ्या धुळीला आळा घालण्याचं कलम आहे. शिशाच्या भीतीतूनच ओला कागद जन्मला असं म्हणणं जादा होईल. मात्र धूळ न उडवणाऱ्या कागदाची गरज तेव्हा हवेत होती, हे नक्की.

तो कागद आला या कराराच्याच वर्षी, आणि ज्यांच्याकडून आला त्यांचा पूर्वेतिहास काही भरवशाचा नव्हता. थ्रीएम कंपनी १९०२ मध्ये मिनेसोटातल्या टू हार्बर्स गावी कुरुंदाची खाण चालवायला निघाली होती. खाणीतून निघाला तो कुरुंद नव्हताच, घासायला निरुपयोगी असा दुसराच खडक होता. मग कंपनी पॉलिश पेपर करू लागली. १९२० मध्ये फिलाडेल्फियाचे छपाईच्या शाईचे एक कारखानदार, फ्रान्सिस ओकी, यांचं पत्र आलं. तुम्ही वापरता त्या प्रत्येक आकाराच्या कणांचे नमुने पाठवा, अशी त्यांची मागणी होती. (लंडनच्या ओकींशी यांचा संबंध नाही, मराठीत उच्चार तेवढा जुळतो.) कंपनीचे व्यवस्थापक विल्यम मॅकनाइट यांना प्रश्न पडला, की शाईवाल्याला वाळूचे कण कशाला हवेत? कच्चा माल विकण्याऐवजी त्यांनी माणूस पाठवून चौकशी केली, आणि ओकींनी पाण्यात न सुटणारा पॉलिश पेपर साधला आहे असं कळलं. थ्रीएमने हक्क घेतले, ओकींना नोकरीतही घेतलं, आणि १९२१ मध्ये 'वेटऑरड्राय' विकायला काढला. दाढीला ब्लेड कशाला, बारीक पॉलिश पेपर पुरे, असाही एक विचार याच गृहस्थांनी मांडला होता. त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, यात नवल नाही. आज वॉटर पेपर काळा दिसतो तो त्यावरच्या सिलिकॉन कार्बाइडमुळे. एडवर्ड अॅचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवून हे कठीण स्फटिक मिळवले आणि त्यांना कार्बोरंडम म्हटलं.

कागदाला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते मोटारीचं. ड्यू पाँटचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचं रंगकाम दिवसांवर आलं. पण हा लॅकर वाळला की मंद दिसे, चकाकी घासून आणि पॉलिश करूनच आणावी लागे. म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाने घासाई कमी केली नाही, उलट बॉडीच्या दुकानात ती कायमची बसवली. याच दुकानांतून मॉडेलवाल्याच्या मेजावरची आणखी एक वस्तू आली. थ्रीएमचा तरुण नोकर रिचर्ड ड्रू हा वॉटर पेपरची चाचणी घ्यायला सेंट पॉलच्या मोटार-रंगशाळेत जाई. दुरंगी गाडी रंगवताना झाकायला चिकटवलेले कागद काढले की ताजा रंगही उपटून येई, आणि रंगारी शिव्या घालत. त्या ऐकून त्याने १९२५ मध्ये मास्किंग टेप केली.

मोटारीच्या दुकानातून हे तंत्र पोरांच्या हाती गेलं कसं, याचंही उत्तर आहे, आणि ते प्लॅस्टिकच्या आधीचं आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला स्पर्धेचा विषय होता नेपोलियनच्या थाटातली घोड्यांची बग्गी, तीच जी फिशर बॉडीच्या चिन्हावर होती. पुढे मुलं आपल्या कल्पनेतल्या मोटारींची मॉडेलं करू लागली. ती लाकडाची, प्लास्टरची, नंतर फायबरग्लासची, आणि खऱ्या मोटारीसारखी घासून लॅकरने रंगवलेली असत. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ चे विजेते चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. बग्गीपासून मॉडेलपर्यंतचा धागा अंदाजाने जोडावा लागत नाही तो यामुळे. एका बॉडी बनवणाऱ्या कारखान्याने तो स्वतः जोडून दिला होता. एएमटीची किट आली तेव्हा कॅलिफोर्नियाचे जॉर्ज बॅरिस यांच्यासारखे कस्टम गाड्यांचे कारागीर मुलांना नावाने माहीत होते. बॅरिस एएमटीचे सल्लागारही होते. छत कापून खाली आणायचं, दाराच्या मुठी काढून भोकं बुजवायची, पुट्टी घासून एकसंध करायची, ही त्यांची कामं प्लॅस्टिकवर त्याच क्रमाने होऊ लागली.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. घासल्याशिवाय रंग धरत नाही, हा पहिला. पत्र्यावर ते खरं आहे, तिथे प्रायमरला ओरखड्यांचा आधार लागतो. पॉलिस्टायरीनवर मात्र लॅकर जातीचा प्रायमर आपल्या द्रावकाने पृष्ठभाग किंचित मऊ करून स्वतःच मुरतो. तिथे अडचण उलटी असते, द्रावक जास्त तीव्र असला तर केसासारख्या भेगा पडतात. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग असे मुरत नाहीत, त्यांच्यासाठी हलकी घासाई उपयोगी पडते, एवढं मान्य करायला हवं. पण सवय त्या रंगांहून जुनी आहे. दुसरा आक्षेप जपानमधून येतो. उरुशीच्या लाखकामात कोळशाचा तुकडा पाण्याने फिरवून लेप उजळतात, आणि तिथले मॉडेलवाले क्लिअर घासण्याच्या कामाला त्याच कलेतला 'तोगिदाशी' हा शब्द वापरतात. मग कूळ डेट्रॉइटचंच कशावरून? पाण्याने घासणं कुठल्याही एका देशाचं नाही, हे प्यूमिसच्या दगडानेही सांगितलंच. जपानी हातांना दुसरं एक आजोळ आहे असं खुशाल म्हणावं. पण मेजावरचा काळा कागद, मास्किंग टेप आणि नंबरांची चढती रांग मोटारीच्या दुकानाची आहे. पुण्या-मुंबईच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात चालतो तोच वॉटर पेपर मॉडेलवालाही हार्डवेअरच्या दुकानातून आणतो. फक्त मागचा छाप बघून घ्यावा. जुन्या अमेरिकी मोजणीचा ६०० आणि युरोपीय मोजणीचा पी १२०० जवळपास सारखेच बारीक आहेत, आणि या घोळात बॉड्यांवर नको तेवढे खोल चरे पडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो मापाचा. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून ०.१ मिलिमीटर जाडी झाली तर १:२५ च्या हिशेबाने ती खऱ्या गाडीवरचे अडीच मिलिमीटर ठरते. एवढा लेप कुठल्याच मोटारीवर नसतो, सगळे थर धरूनही तो बहुधा ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या घरात असतो. मग मॉडेलवर घासाई हवीच, कारण थर पातळ करायचे आहेत. शिवाय फवाऱ्याच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा जो खडबडीतपणा येतो, तो पंचवीसपट लहान केला तर दिसेनासाच होईल. म्हणून खऱ्या गाडीवर थोडी साल असली तरी मॉडेल गुळगुळीतच बरोबर दिसतं. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यांतून शेवटची घासाई सिद्ध होते, भरणी आणि प्रायमरची नाही. भरणी चरे बुजवते, आणि वीतभर गाडीवर सर्वांत ठळक चरा म्हणजे दाराची फट. बॉडीच्या दुकानातली पद्धत जशीच्या तशी उचलली की प्रायमरच्या प्रत्येक हाताबरोबर दारं, बॉनेट आणि डिकी आणखी उथळ होतात. त्यावरची तोड खऱ्या रंगशाळेत कोणाला कधी लागली नव्हती, कारण तिथे दार खरंच उघडतं. मॉडेलवाला प्रायमरच्या आधी पात्याची उलटी, बोथट बाजू दाराच्या फटीतून हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढतो, प्लॅस्टिकचा बारीक दोरा निघेपर्यंत, आणि कड घासून गेली असेल तर पुन्हा एकदा.