शिकायला की हिंडायला? : परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्याचा रविवार

आम्ही दोघे बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील आम्हाला भेटायला आले. मुलगा विज्ञान शाखेचा होता. पदवीच्या पहिल्या वर्षी तो आमच्या मराठीच्या वर्गात बसत असे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी तो दक्षिण जर्मनीत गेला. त्याच्या शिफारसपत्रावर आमच्यापैकी एकाची सही होती आणि बँकेच्या कर्जासाठी वडिलांनी आपली जमीन तारण ठेवली होती. त्यांनी खिशातून फोन काढून मुलाने पाठवलेली छायाचित्रे दाखवली. त्यांत एक किल्ला होता, एक नदी होती, एका जुन्या चर्चचा मनोरा होता. सगळी शनिवार-रविवारची. मग ते शांतपणे म्हणाले, "सर, पोरगं शिकायला गेलंय का हिंडायला?"

आम्ही म्हटले, "दादा, अभ्यास करून उरलेल्या वेळात फिरतोय तो." पण उत्तर देतानाच ते अपुरे असल्याचे आमच्या लक्षात आले. प्रश्न केवळ त्या मुलाचा नव्हता. गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत मराठी मुले-मुली शिकण्यासाठी युरोपात जात आहेत. त्यांच्या पदव्या, प्रबंध आणि परीक्षा चरित्रांतून व्यवस्थित नोंदल्या गेल्या आहेत. पण त्यांचा मोकळा दिवस? तो कोणी नोंदला? प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. तरीही हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वडिलांना द्यायच्या राहून गेलेल्या उत्तराची जुळवाजुळव आहे.

*

आधी रविवाराविषयी. आठवड्याची सुट्टी ही आपल्याकडे परंपरेने आलेली गोष्ट नव्हे. शेतकऱ्याच्या घरी आठवडी बाजाराचा दिवस असे, सणवार असत, बैलासाठी पोळा असे. पण दर सात दिवसांनी काम थांबवण्याचा हक्क नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो १० जून १८९० रोजी मिळाला, आणि त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची काही वर्षांची चळवळ होती. म्हणजे मराठी माणसाचा रविवार भांडून मिळवलेला आहे. मोकळा वेळ कोणाच्या वाट्याला येतो, किती येतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहेत ते त्यामुळेच.

त्या आधी सात वर्षे, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला पोहोचल्या. 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचे पत्ररूप लेखन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांना वैद्यक शिकायचे होते. कमी ऐकू येत असल्यामुळे ते साधले नाही. वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयानंतर त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. आणि येथे एक अडचण उभी राहिली. त्यांनी मुलग्यांनाही शिकवावे की नाही, यावर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्या बाईने वडील, आई आणि भाऊ यांच्यासोबत पायी हिंदुस्थान पालथा घातला होता, तिने कोणासमोर उभे राहावे हे इतरांनी ठरवू पाहावे, याचा रमाबाईंना झालेला संताप त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतो. स्त्री-विद्यार्थ्याच्या बाबतीत मोकळ्या वेळाच्या प्रश्नाआधी मोकळेपणाचाच प्रश्न येतो. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. आप्तस्त्रीच्या आनंदात सहभागी होण्याचे निमित्त झाले आणि त्यातूनच पुढे अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे १८८९ चे महत्त्वाचे पुस्तक उभे राहिले.

*

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्र बदलते. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ मध्ये मंगलदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रविद्या शिकण्यासाठी गेले. ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्या-लिहिल्यामुळे ती शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. त्यानंतर ते पॅरिसला गेले आणि तेथून बॉम्ब तयार करण्याची माहिती घेऊन परतले. पुढे ते 'सेनापती' म्हणून ओळखले गेले. विद्यार्थ्याच्या पॅरिसवारीचे याहून वेगळे उदाहरण आमच्या माहितीत नाही.

१९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला आले. हायगेटच्या इंडिया हाऊसमध्ये रविवारी हिंदी विद्यार्थ्यांच्या सभा भरत. सुट्टीचा दिवस राजकारणासाठी राखलेला असे. तेथूनच त्यांनी मराठी नियतकालिकांसाठी बातमीपत्रे पाठवली. 'सागरास' ही त्यांची कविता १९०९ मधील ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावरची. ब्रायटन म्हणजे लंडनकरांचे हवापालटाचे, चार घटका मौजेचे ठिकाण. आजही अभ्यासक्रमात ही कविता शिकवताना तिचा देशभक्तिपर आशय आम्ही सांगतो. पण ती एका थकलेल्या विद्यार्थ्याच्या विसाव्याच्या दिवसांतून आलेली आहे, हे सांगायचे राहून जाते. विसावा नसता तर अभ्यासिकेत बसून ती लिहिली गेली असती काय?

*

आता दुसरी बाजू. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाने दिली होती. परतीच्या वेळी त्यांनी जमवलेली पुस्तके असलेले जहाज जर्मन पाणतीराने बुडाले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले.

या दुसऱ्या मुक्कामातील त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी सांगितला आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताच आत जायचे, ते बंद होईपर्यंत उठायचे नाही, जेवणावर खर्च करायचा नाही, रात्री पुन्हा वाचन. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, मध्ये काही काळ जर्मनीतील बॉन विद्यापीठ, १९२३ मध्ये डी.एस्सी. बॉन हे ऱ्हाईन नदीकाठचे देखणे नगर. पण त्यांच्या बॉनच्या मुक्कामाची आठवण आपण विद्यापीठात केलेल्या अर्जामुळे ठेवतो, नदीमुळे नव्हे. उसन्या पैशांवर आणि मोजलेल्या मुदतीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला रविवार नसतो. त्यांच्या त्यागाचे कौतुक आपण नेहमी करतो. तो त्याग करावा लागणे ही अन्यायाची गोष्ट होती, हे मात्र तितक्या वेळा म्हणत नाही.

याच सुमारास आमच्या वऱ्हाडातून एक तरुण विलायतेला निघाला. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख. वऱ्हाडात तेव्हा महाविद्यालय नव्हते. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. उच्च शिक्षण म्हणजे नागपूर नाहीतर पुणे. पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२० मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरो, ऑक्सफर्ड आणि बॅरिस्टरी असा त्यांचा क्रम. शेतकऱ्याच्या या मुलाने ऑक्सफर्डमध्ये विषय घेतला तो वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमाचा आणि विकासाचा. तो प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. १९२६ मध्ये परतल्यावर पुढच्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात ते उभे राहिले, आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांनी शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी मुलांच्या घरातला पहिला पदवीधर याच जाळ्यातून पुढे आला. एडिंबरोच्या थंडीत ते रविवारी काय पाहत असतील, या कुतूहलाला चरित्रग्रंथ फारसे उत्तर देत नाहीत. चरित्रकारांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नसावा.

इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले होते. मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशुद्धीच्या विचाराचे मोठे नाव. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हे तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा तो निष्कर्ष होता. पुढे 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' या संग्रहांतून त्यांनी मराठीत जो ललित निबंध लिहिला, त्यातील माणसांकडे पाहण्याची सवय प्रयोगशाळेतली जितकी, तितकीच रस्त्यावरची आहे, असे आम्हाला वाटते.

*

या सर्वांकडे वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर एक विसंगती लक्षात येते. मराठीतील गाजलेली युरोपची प्रवासवर्णने बहुधा विद्यार्थ्यांची नाहीत. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' किंवा गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' ही नाव मिळवलेल्या लेखकांची पुस्तके. 'अपूर्वाई' (१९६०) च्या वेळी पु. ल. देशपांडे प्रशिक्षणासाठी लंडनला गेले होते, म्हणजे एका अर्थी विद्यार्थीच होते. पण तोवर त्यांच्यामागे मोठा वाचकवर्ग होता. कर्ज काढून गेलेल्या, परीक्षेच्या धास्तीत असलेल्या, स्वस्त तिकीट शोधणाऱ्या पोराचे प्रवासवर्णन मराठीत जवळजवळ नाही. त्याची पत्रे घरच्या ट्रंकेत राहिली. आता छायाचित्रे फोनमध्ये राहतात.

आणि तरीही आपल्या प्रवासवर्णनाच्या परंपरेच्या आरंभी उभा असलेला माणूस कर्जबाजारीच होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघाले ते देशाटनासाठी नव्हे. घरावरचे ऋण फेडण्यासाठी यज्ञातली दक्षिणा मिळवायची होती. वाटेत बंड उसळले, झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला, मिळवलेले लुटले गेले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आले. ज्या दक्षिणेसाठी ते गेले ती कोणाला आठवत नाही. वाटेवर जे दिसले ते मात्र उरले.

*

आता आमच्या विद्यार्थ्याविषयी. त्याचे दिवस सोपे नाहीत. वर्षाच्या खर्चाची रक्कम जर्मनीतील खात्यात आधीच अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. अनेक मुलांचे शनिवार-रविवार उपाहारगृहात भांडी धुण्यात किंवा गोदामात खोकी उचलण्यात जातात, हेही त्याने लिहिले आहे. दुसरीकडे, ज्या सीमांवर बापटांच्या काळी पोलीस नजर ठेवून असत, त्यांपैकी बऱ्याच सीमांवरची नित्याची तपासणी १९९५ पासून शेंगेन करारामुळे उठली. २०२३ च्या मे महिन्यात जर्मनीत महिन्याला ४९ युरोत देशभर स्थानिक गाड्यांनी हिंडता येईल असे तिकीट निघाले. त्याची किंमत पुढे वाढली, पण त्याने गरीब विद्यार्थ्याला वाट मोकळी करून दिली.

वडिलांनी दाखवलेला तो मनोऱ्याचा फोटो नोर्डलिंगन या गावचा होता. मुलाला आम्ही ई-मेल करून विचारले तेव्हा त्याचे लांबलचक उत्तर आले, आणि ते मराठीत होते. हे गाव एका प्रचंड अशनी-विवरात वसले आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी झालेल्या आघाताने चोवीसेक किलोमीटर रुंदीचा हा खळगा तयार झाला. ज्वालामुखीचे तोंड म्हणूनच लोक त्याकडे पाहत असत. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना तेथील खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारे कोएसाइट हे खनिज सापडले आणि आघाताचा पुरावा मिळाला. गावातले मोठे चर्च त्याच आघातातून घडलेल्या दगडाचे आहे.

मुलगा लोणार तालुक्यातला आहे. लवणासुराची कथा ऐकत, दैत्यसूदनाच्या देवळात खेळत आणि धारेखाली अंघोळ करत तो वाढला. लोणारचे विवरही पूर्वी ज्वालामुखीचे मानले जाई. ते आघाताने झाल्याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसाल्ट खडकातले असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. त्याने लिहिले होते की, नोर्डलिंगनच्या तटावरून चालताना प्रथमच त्याला आपल्या गावच्या तळ्याच्या काठाची गोलाई नीट समजली. लहानपणी तो काठ म्हणजे फक्त शेळ्या चारायची चढण होती.

आम्ही ते उत्तर छापून वडिलांना दिले. त्यांनी ते आमच्यासमोरच वाचले, मध्ये एकदा थांबून 'धारेचंही लिहिलंय' म्हणाले, घडी करून खिशात ठेवले. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचाच आहे आणि आमच्या या विवेचनाने तो एक रुपयानेही कमी होणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही त्यांच्या प्रश्नातला 'का' आम्हाला आता मान्य नाही. ज्यांच्या वाट्याला रविवार आला नाही त्यांनीच शाळा काढल्या, हक्क मिळवून दिले; ते पुढच्या मुलाला वाचनालयाबरोबर मोकळा रस्ताही मिळावा म्हणून. आमच्या मित्र-प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे : परदेशी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना गुणपत्रक विचाराल तेव्हा रविवारी काय पाहिले तेही विचारा, आणि ते मराठीत लिहून मागा.