अधिवृक्क संप्रेरके व लवण-जल संतुलन

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या, प्रत्येकी सुमारे ४ ते ५ ग्रॅम वजनाच्या दोन अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून (बाहेरील थरातून) स्रवणारी काही संप्रेरके शरीरातील मीठ व पाणी यांचे प्रमाण राखतात. त्यांतील प्रमुख ऑल्डोस्टेरॉन हे असून, सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनी स्विस सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९५३ मध्ये ते शुद्ध स्फटिकरूपात मिळवले.

कार्य : घाम, जुलाब किंवा रक्तस्राव यांमुळे मूत्रपिंडांकडील रक्ताचा दाब उतरला की तेथून रेनिन हे एंझाइम सुटते, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते बाह्यकाला ऑल्डोस्टेरॉन स्रवण्यास उद्युक्त करते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्याचा बहुतांश भाग पुन्हा शोषून घेतात. ऑल्डोस्टेरॉन मूत्रनलिकांच्या अंतिम भागात सोडियम परत खेचून घेते, पोटॅशियम मूत्रात सोडते, आणि सोडियमपाठोपाठ पाणीही शरीरात राहते. बाह्यकातीलच कॉर्टिसॉल जादा पाणी बाहेर टाकण्यास मदत करते. पाणी राखून धरणारे व्हॅसोप्रेसिन मात्र पोष ग्रंथीतून येते.

उष्णतेशी जुळवणी : चंद्रपूर-गडचिरोलीत तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सियसपलीकडे जाते, आणि त्याच सुमारास तेंदूपत्त्याचा हंगाम असल्याने कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात शिरतात, तोडलेली पाने पुड्यांत बांधतात आणि फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) पोचवतात; उघड्या कोळसा खाणींतील कामगारही याच उन्हात राबतात. उन्हाची सवय नसलेल्या व भरपूर घाम येणाऱ्या माणसाच्या शरीरातून पहिले काही दिवस रोज १५ ते ३० ग्रॅम मीठ जाऊ शकते. ऑल्डोस्टेरॉन घर्मग्रंथींनाही मीठ राखायला लावत असल्यामुळे चार ते सहा आठवड्यांत ही हानी ३ ते ५ ग्रॅमवर येते. घामाचे प्रमाण मात्र घटत नाही, उलट वाढते. म्हणून सरावलेल्या माणसाचीही पाण्याची गरज कमी होत नाही. मीठ गमावलेल्या शरीरात नुसते पाणीच भरत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून पेटके, डोकेदुखी व गुंगी येऊ शकते.

विकार : बाह्यक निकामी झाल्यास होणाऱ्या रोगाचे वर्णन टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले. थकवा, खारट खाण्याची ओढ, उतरलेला रक्तदाब आणि त्वचा व हिरड्या काळवंडणे ही त्याची लक्षणे असून, भारतात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. उष्णतेशी जुळवणीचा अभ्यास करणारे अमेरिकन वैद्य जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये याउलट, ऑल्डोस्टेरॉनच्या अतिस्रावाने रक्तदाब वाढवणाऱ्या विकाराचे वर्णन केले.

उन्हात घामावाटे जाणारे मीठ राखण्याचे ग्रंथींचे संरक्षण पूर्ण उभे राहण्यास आठवडे लागतात. म्हणून तेंदूपत्त्याच्या हंगामाच्या आरंभी, विशेषतः नवख्या मजुरांसाठी, कामाचे तास कमी ठेवून सावली, पाणी आणि मीठ घातलेली पेज किंवा जलसंजीवनी पुरवणे आवश्यक ठरते.