डिफरन्शियल गुणोत्तर, जीपगाडीतील

डिफरन्शियल गुणोत्तर, जीपगाडीतील : मोटारगाडीच्या चालक आसाच्या मध्यावरील फुगीर पेटीत एक लहान दंतचक्र (पिनियन) आणि त्याने फिरविले जाणारे एक मोठे मुकुटचक्र (क्राउन) असते. मुकुटचक्राच्या दात्यांच्या संख्येस पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता येणाऱ्या अंकास व्यवहारात डिफरन्शियल गुणोत्तर म्हणतात. पिनियनला 8 व मुकुटचक्राला 39 दाते असल्यास हे गुणोत्तर 4.88 होते, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रचालक दंडाला जवळजवळ पाच फेरे घ्यावे लागतात. काटेकोरपणे पाहता हे नाव चुकीचे आहे. वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी खरी डिफरन्शियल योजना ही मुकुटचक्राला जोडलेल्या कोशातील लहान दंतचक्रांची असते व तिचा या गुणोत्तराशी संबंध नसतो. फ्रेंच घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. तथापि दोन्ही योजना एकाच पेटीत असल्याने कारागिरांच्या बोलण्यात एकाचे नाव दुसरीला चिकटले आणि ते तसेच रूढ झाले.

गुणोत्तराचा अंक मोठा असेल, तर चाकावरील परिबल वाढते व वेग घटतो. अंक लहान असल्यास याच्या उलट घडते. रस्त्यावरच्या गाडीत कारखान्याने ठरविलेले गुणोत्तर सहसा कोणी बदलीत नाही. चिखल, वाळू, खडकाळ चढ आणि नदीपात्र यांतून जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मात्र हा अंक बदलण्याची परंपराच निर्माण झाली. तिची सुरुवात जीपगाडीपासून होते.

अमेरिकेच्या सैन्याने 1940 मध्ये हलक्या चौचाकी-चालन गाडीची मागणी नोंदविली, तेव्हा नमुना सादर करण्यास अत्यंत थोडा अवधी दिला होता. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला. त्या घाईत नवे आस घडविणे शक्य नव्हते, म्हणून स्टूडबेकर चॅम्पियन या प्रवासी मोटारीसाठी स्पाइसर कंपनी बनवीत असलेल्या आसांत फेरफार करून ते वापरण्यात आले. पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. विलीज एमबी या गाडीत गुणोत्तर 4.88 होते. पहिल्या गिअरचे 2.67 आणि साहाय्यक दंतचक्रपेटीचे (ट्रान्स्फर केस) मंद श्रेणीतील 1.97 हे अंक त्याने गुणले, तर एंजिनाच्या सुमारे 25.7 फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो. सैनिकी कामाला तेवढे पुरेसे होते, कारण रणभूमीवरील निरोप्याला चढाइतकीच वेगाचीही गरज असते.

युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्याला विकावयाची असे विलीज कंपनीने ठरविले. 1945 मध्ये बाजारात आलेल्या सीजे-2ए या नागरी जीपगाडीला नांगर ओढावयाचा होता, गिरणीचा पट्टा फिरवावयाचा होता आणि शेतमालाची गाडीही ओढावयाची होती. एंजिन तेच, सुमारे 60 अश्वशक्तीचे होते. बदलले ते दंतचक्रांचे अंक. आसाचे गुणोत्तर 5.38 (8 व 43 दाते), पहिल्या गिअरचे 2.80 आणि मंद श्रेणीचे 2.43 करण्यात आले. एकूण गुणाकार सुमारे 36.6 झाला. एंजिन मिनिटाला 1,000 फेरे करीत असता एमबी ताशी सुमारे 5.3 किमी. वेगाने चाले, तर सीजे-2ए सुमारे 3.7 किमी. वेगाने. म्हणजे नांगरामागून चालणाऱ्या माणसाची चाल तिला साधली. त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागे. 72 सेंमी. व्यासाच्या चाकांवर ताशी 80 किमी. वेगाला एमबीचे एंजिन मिनिटाला सुमारे 2,900 फेरे घेई, सीजे-2एचे सुमारे 3,200. गुणोत्तराच्या निवडीत काहीतरी गमवावेच लागते, हे या जोडीइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या उदाहरणात क्वचितच दिसेल.

युद्धानंतर सैन्याच्या उरल्यासुरल्या गाड्या व सुटे भाग लिलावात स्वस्त मिळू लागले आणि गुणोत्तर बदलण्याच्या खटपटी सुरू झाल्या. याच वेळी एक चूकही वारंवार होऊ लागली. एमबी व सीजे यांचे आस बाहेरून बरेच सारखे दिसतात, त्यामुळे एका गाडीचा पुढचा आस दुसरीला बसविला जाई. जीपगाडीच्या साहाय्यक पेटीत पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नाही. पुढचे गुणोत्तर 5.38 व मागचे 4.88 असेल, तर मागची चाके 100 मी. जात असता पुढची चाके केवळ सुमारे 91 मी. जाऊ पाहतात. उरलेला फरक मातीत चाके घसरून भरून निघतो. कठीण रस्त्यावर चौचाकी चालन लावले, तर तो दंडांत पीळ म्हणून साठत जातो आणि शेवटी सांधा, आसदंड किंवा दंतचक्रपेटी यांपैकी जे दुर्बल असेल ते मोडते. म्हणून अशा गाडीत गुणोत्तर बदलताना दोन्ही आस बदलणे हा पहिला नियम होय. खर्च दुप्पट होतो, आणि एकच आस बदलून भागविण्याचा मोह तेथेच होतो.

इंग्लंडमध्ये खटपट उलट्या दिशेने झाली. 1948 च्या लँड रोव्हर गाडीचे गुणोत्तर प्रारंभीच्या काळातच 4.7 ठरले व ते दीर्घकाळ टिकले. ही गाडी शेतात उत्तम, पण मोठ्या रस्त्यावर संथ व गोंगाटाची होती. 1970 मध्ये आलेल्या रेंज रोव्हरचे गुणोत्तर 3.54 होते आणि तिची दंतचक्रे जुन्या लँड रोव्हरच्या आसात बसू शकत. मोडीत निघालेल्या रेंज रोव्हरमधून ती काढून जुन्या गाडीत घालण्याचा प्रघात पडला. त्याच वेगाला एंजिनाचे फेरे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होत. मात्र चढावर दुबळे एंजिन दमू लागे, पहिला गिअरही जलद होऊन बसे आणि वेगमापक खोटे बोले. त्यामुळे अनेकांनी आस तसाच ठेवून ओव्हरड्राइव्ह बसविणे पसंत केले. तो निर्णय अधिक शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते, कारण ओव्हरड्राइव्ह हवा तेव्हा काढता येतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रूबिकॉन वाटेवर 1953 मध्ये जीपगाड्यांची पहिली जांबोरी भरली, तर यूटा राज्यातील मोअ‍ॅब येथे 1967 पासून ईस्टर जीप सफारी भरू लागली. अशा सफरींतून मोठ्या टायरांची आवड वाढली आणि गुणोत्तर बदलण्याचे मुख्य कारणही पालटले. टायरचा व्यास वाढला की, परिणामी गुणोत्तर त्याच प्रमाणात घटते. 72 सेंमी.च्या टायरांवर 3.73 गुणोत्तर असलेल्या गाडीला 89 सेंमी.चे (35 इंची) टायर चढविले, तर पूर्वीची ओढ परत मिळण्यास 4.61 गुणोत्तर लागते. बाजारात त्याला जवळचा संच 4.56 (9 व 41 दाते) असतो. दात्यांच्या अशा विषम वाटणाऱ्या संख्या मुद्दाम निवडतात. दोन्ही संख्यांना सामाईक विभाजक नसला, म्हणजे प्रत्येक दाता क्रमाक्रमाने समोरच्या प्रत्येक दात्याशी भिडतो व झीज सारखी होते.

गुणोत्तर वाढविण्यास मर्यादा पिनियनची असते. मुकुटचक्राचा व्यास पेटीने ठरविलेला असल्याने अंक वाढवावयाचा तर पिनियन लहान करावे लागते, आणि लहान पिनियनचे थोडेच दाते एका वेळी भार घेतात. शिवाय पिनियन बारीक झाल्याने मुकुटचक्र त्याच्याकडे सरकवावे लागते. म्हणून डेना 44 या आसात 3.73 पर्यंत एक कोश व 3.92 पासून पुढे दुसरा कोश लागतो. हे न पाहता संच मागविणाऱ्याची फजिती होते. ही मर्यादा टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वेगाची काही घट चाकाजवळच करणे. जर्मन उनिमोग या गाडीत आणि अमेरिकी सैन्याच्या हम्व्ही गाडीत तसे केलेले आहे. हम्व्हीच्या आसाचे गुणोत्तर केवळ 2.73 असून चाकाजवळ 1.92 ची आणखी घट होते.

प्रत्यक्ष काम दिसते त्याहून नाजूक असते. 1926 च्या सुमारास पॅकर्ड मोटारीत हायपॉइड दंतचक्रे आली. यात पिनियनचा अक्ष मुकुटचक्राच्या मध्याच्या खाली असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर घासत सरकतात व अतिदाब सोसणारे खास वंगण लागते. पिनियन व मुकुटचक्र ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असून दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. त्यांची ताटातूट करता येत नाही. बसविताना पातळ चकत्या (शिम) घालून पिनियनची खोली, धारव्यांवरील पूर्वताण आणि दात्यांमधील मोकळीक (साधारणतः 0.13 ते 0.25 मिमी.) साधावी लागते. नंतर दात्यांना तेलात कालविलेला शेंदूर किंवा तत्सम रंग लावून चक्र फिरवितात व उमटलेला ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. तो शेंड्याकडे किंवा मुळाकडे सरकला असेल, तर सर्व उघडून चकत्या बदलाव्या लागतात. अनुभवी कारागिरालाही हे तीनचार वेळा करावे लागते. घाईने केलेले काम प्रथम गुणगुणते, मग घोंगावते आणि काही हजार किलोमीटरांत दाते गळतात.

भारतात महिंद्र कंपनीने मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली व पुढे सीजे-3बी नमुन्याचे उत्पादन केले. 5.38 चा संच आपल्याकडील कारागिरांना ‘आठ-त्रेचाळीस’ या दात्यांच्या हिशेबाने परिचित झाला. पेट्रोल एंजिन काढून डीझेल एंजिन बसविण्याची लाट आली, तेव्हा हे गुणोत्तर अडचणीचे ठरले, कारण डीझेल एंजिन कमी फेऱ्यांवर चालते व गाडीचा वेग फारच खाली येतो. म्हणून येथे अंक वाढविण्यापेक्षा घटविण्याकडे, ‘आठ-एकोणचाळीस’ बसविण्याकडे, कल राहिला. अलीकडे अमेरिकेतील कारखान्यांनीच मालकांची खटपट आपल्या हाती घेतली आहे. 2021 मध्ये फोर्ड ब्राँको गाडी 35 इंची टायर व 4.7 गुणोत्तरासह आणि जीप रँग्लर तेवढ्याच टायरांवर 4.56 गुणोत्तरासह विक्रीस आली.