कापसाची तार, श्वासाची तार : खामगावमार्गे एक इतिहास

१/ इ.स. १८७०. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन झाले. जेमतेम तेरा किलोमीटरच्या या फाट्यामागे कारण एकच होते : वऱ्हाडचा कापूस. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात झपाट्याने कळू लागला.

२/ कापसाच्या भावाला अंतर उरले नाही. मात्र तो कापूस हाताळणाऱ्यांच्या छातीचा इलाज त्यांच्या दारी पोहोचायला दीड शतक लागले. हा धागा त्या दुसऱ्या, संथ प्रवासाचा.

३/ कापूस धुळीसह येतो. रुईची तूस आणि पाचोळ्याची भुकटी वर्षानुवर्षे छातीत गेली, की ‘बिसिनोसिस’ हा आजार जडतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. त्याची ओळख प्रामुख्याने सूतगिरण्यांत पटली. मुंबईतील एका गिरणीच्या पाहणीतही तो आढळला आणि ते निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले.

४/ धूळ गेली तरी धूर उरतो. वेचणीनंतर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी विदर्भात चुलीत जाते. बंद स्वयंपाकघरातील हा धूर आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या स्त्रीलाही सीओपीडी देऊ शकतो. या जुनाट आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जातात. २०१६ साली भारतात याचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता.

५/ छातीच्या रुग्णाला काय सांगावे? जुने उत्तर ठरलेले होते : विश्रांती. पाचगणी, मिरज येथील क्षयरोग आरोग्यधामांचा पाया हवा, आहार आणि अंथरूण हाच होता. दम लागणाऱ्या प्रत्येकाला हाच सल्ला मिळे : बसा, श्रम करू नका.

६/ सीओपीडीत हा सल्ला उलटतो. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो. पायांचे स्नायू झिजतात. मग थोड्या चालण्यानेही अधिक धाप लागते. १९५२ साली न्यूयॉर्कचे ॲल्व्हन बराक यांनी प्राणवायू देत रुग्णांना चालवले, तेव्हा त्यांची चालण्याची ताकद वाढलेली दिसली. पुढे १९६०च्या दशकात डेन्व्हर येथे टॉमस पेटी यांनी त्याला संघटित कार्यक्रमाचे रूप दिले.

७/ हेच श्वसन-पुनर्वसन. यात खराब झालेले फुप्फुस दुरुस्त होत नाही. बळकट होतात ते हातपाय. बळकट स्नायू त्याच कामाला कमी प्राणवायू मागतात, म्हणून धाप कमी लागते. जोडीला ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे, औषधाचा पंप नीट ओढणे आणि आजार बळावल्याची लक्षणे ओळखणे शिकवतात. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ प्रयोगांतील ३,८२२ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. लाभाविषयी शंका उरली नाही.

८/ अडचण अंतराची. हा कार्यक्रम आठवड्यातून दोन-तीनदा, आठेक आठवडे चालतो. खामगावाहून अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ५० किलोमीटरवर. ज्याला एसटीची पायरी चढताना धाप लागते, त्याने इतक्या खेपा कशा कराव्यात? आणि बुडालेल्या रोजाचे काय?

९/ घरच्या उपचारावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न भारताने आधीही सोडवला होता. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने दाखवून दिले, की योग्य औषधे मिळाली तर गरीब वस्तीतील घरी राहणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा होता.

१०/ सीओपीडीबाबत तसाच पुरावा मेलबर्नहून आला. तेथील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आरोग्यसेवक एकदाच घरी गेला. पुढे आठवड्याला एक, असे सात फोन झाले. परिणाम केंद्रात येणाऱ्यांच्या तोडीचे निघाले. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार दूरस्थ कार्यक्रम ९३ टक्के रुग्णांनी पूर्ण केला, केंद्रातला ७० टक्क्यांनी.

११/ भारतात तारेची तयारी आधीपासून होती. इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली. मात्र ती जोडणी रुग्णालय ते रुग्णालय अशी होती. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली आणि डॉक्टर थेट घरातल्या फोनवर आला.

१२/ मात्र सल्ला म्हणजे पुनर्वसन नव्हे. पहिली तपासणी समोरासमोरच हवी : फुंकून करायची स्पायरोमेट्री आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी. मग घरी पाठीची खुर्ची, वजनाऐवजी पाण्याने भरलेल्या बाटल्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि अंगणातली मोजलेली फेरी पुरते. छातीत दुखले किंवा ऑक्सिजन ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेला, तर थांबायचे.

१३/ यातले महागडे काहीच नाही. दुर्मीळ आहे तो दर आठवड्याला न चुकता फोन करणारा प्रशिक्षित माणूस. वरच्या आढाव्यातील बहुतेक प्रयोगही श्रीमंत देशांतले आहेत. १८७० मध्ये तारेच्या टोकाला भाव वाचणारा कारकून बसवला गेला, कारण त्यात नफा होता. श्वासाच्या तारेच्या टोकाला माणूस बसवायचा, तर पगार सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेलाच द्यावा लागेल.